अर्धी घोषणा

प्रिय चिऊ,

शिवजयंतीहून परतताना गाडीत तू विचारलंस, "बाबा, एक जण 'छत्रपती शिवाजी महाराज की' एवढंच का म्हणतो? 'जय'सुद्धा त्यानंच का नाही म्हणायचं?" मी "आपली पद्धत आहे" म्हणून मोकळा झालो. ते काही खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर मला एका शिपायाच्या गोष्टीत दिसतं.

नामदेव जाधव. नगर जिल्ह्यातल्या निमज गावचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीतला तेवीस वर्षांचा शिपाई. काम आपल्या तुकडीचे, म्हणजे कंपनीचे, निरोप पोचवायचं. दुसऱ्या महायुद्धात, ९ एप्रिल १९४५ ला, तो इटलीत सेनिओ नदीत उतरला. दोन्ही काठ उभे, दोन्हींवर जर्मन चौक्या, अलीकडच्या काठावर सुरुंग पेरलेले. पलीकडे पोचेपर्यंत सोबतचे बहुतेक पडले. त्यानं एका जखमीला उचललं, पाण्यातून, सुरुंगांतून अलीकडे आणलं. मग दुसऱ्यासाठी परत गेला. मला इथेच थांबावंसं वाटतं, कारण एवढं करून तो अलीकडेच राहिला असता तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

तो तिसऱ्यांदा गेला. एक मशीनगन बंद पाडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना, ती फेकून हातबॉम्ब घेतले. तेही संपले, तेव्हा सरपटत काठाच्या माथ्यावर जाऊन अलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतले. अशा त्यानं आणखी दोन चौक्या बंद केल्या.

आणि मग तो माथ्यावर उघड्यावर उभा राहिला. मॉर्टरचे गोळे पडत होते. तिथून त्यानं मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि हात हलवून मागच्या कंपन्यांना बोलावलं. त्या नदी ओलांडून आल्या.

त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाला. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर रुंद, काळपट ब्राँझचा क्रॉस, गडद लाल फीत. मागच्या बाजूला पराक्रमाची तारीख कोरतात. नामदेव जिवंत परतला आणि १९८४ मध्ये पुण्यात वारला.

त्याच्या पलटणीची घोषणा आहे 'बोला श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!' त्यातलं 'बोला' ऐक. ते इतरांना आहे, म्हणून आपण 'जय' समोरच्यांसाठी सोडतो. पुढचा माणूस साद घालतो आणि मागचे त्याच्यासोबत आहेत की नाही, हे त्याला त्या 'जय'वरून कळतं.

पुढच्या शिवजयंतीला पहिला भाग तू म्हण. मी मागे उभा असेन.

तुझा,
बाबा