इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट लीक आहे असं मेकॅनिक म्हणतोय. घरी बदलता येईल का?

हो, येईल. इनटेक मॅनिफोल्ड म्हणजे प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून नेणारा नळ्यांचा भाग, आणि गॅस्केट म्हणजे तो इंजिनाला जिथे जोडतो तिथलं हवाबंद सील. तुम्ही लिहिलंय की गाडी उभी असताना रेस आपोआप वर-खाली होते, बॉनेटखालून फुसफुस आवाज येतो आणि चेक इंजिनच्या दिव्यामागे पी०१७१ हा कोड आहे. चार सिलिंडरचं साधं पेट्रोल इंजिन असेल, मॅनिफोल्डच्या बोल्टपर्यंत हात पोहोचत असेल आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) मिळत असेल, तर हे काम सुट्टीच्या दिवशी निवांतपणे होण्यासारखं आहे.

पण काहीही खोलण्याआधी हवा गॅस्केटमधूनच शिरतेय याची खात्री करा. पी०१७१ एवढंच सांगतो की इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. ती जादा हवा चिरलेल्या व्हॅक्यूम नळीतून येत असेल, ब्रेक बूस्टरच्या जोडातून, पीसीव्ही व्हॉल्व्हच्या (इंजिनातली वाफ परत इनटेकमध्ये सोडणाऱ्या झडपेच्या) रबरातून किंवा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या खालच्या ओ-रिंगमधूनही (गोल रबरी सीलमधूनही). हवा मोजणारा सेन्सर मळला असेल किंवा पेट्रोलचा दाब कमी असेल, तरी हाच कोड येतो. अर्धं इंजिन उघडून नवं गॅस्केट बसवायचं आणि दोष एका नळीत निघायचा, असं फार वेळा होतं.

साधा स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा घटवतो तो आकडा. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) ट्रिम अधिक १५-२० टक्के असेल आणि इंजिन २५०० आरपीएमवर धरल्यावर शून्याकडे येत असेल, तर बाहेरून हवा शिरतेय हे जवळपास नक्की. थ्रॉटल बंद असताना मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम सर्वात जास्त असतो, आणि आत येणाऱ्या एकूण हवेत फटीतल्या हवेचा वाटाही तेव्हाच मोठा असतो. रेस वाढवल्यावर ट्रिम उलट वाढत गेला, तर पेट्रोल पंप, फिल्टर आणि सेन्सर आधी तपासा.

नेमकी जागा शोधायला स्मोक टेस्ट (मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून निघतो ते बघणं) सर्वात चांगली. ती जमत नसेल तर इंजिन आयडलला ठेवून जोडावर पाण्याचा बारीक फवारा मारा, वायरिंग आणि सेन्सर वाचवून. पाणी फटीवर पडलं की आवाज किंवा रेस क्षणभर बदलते. बरेच जण कार्ब क्लीनर मारतात. तो पेट घेतो, त्यामुळे तापलेल्या एक्झॉस्टशेजारी मी तो वापरत नाही.

गॅस्केटच दोषी ठरलं तर आधी तुमच्या इंजिनाचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. इंजिन पूर्ण गार हवं. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून इंजिन चालू करा, ते स्वतःहून बंद पडेल आणि लाइनमधला दाब उतरेल. मग बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा दाब शंभर बारच्याही वर जातो. तिथे हाय प्रेशर लाइन उघडावी लागत असेल तर घरी करू नका. मॅनिफोल्डमधून कूलंट फिरत असेल तर तेही आधी काढावं लागेल. प्रत्येक नळी आणि कनेक्टर काढण्यापूर्वी फोटो घ्या, चिकटपट्टीवर नंबर लिहून लावा. जुन्या नळ्या उष्णतेने कडक झालेल्या असतात, ओढल्या की तुटतात, त्या हलकेच फिरवून सोडवा. बोल्ट कडेकडून मधे येत थोडे थोडे सैल करा.

मॅनिफोल्ड निघाला की सर्वात आधी हेडची (मॅनिफोल्ड जिथे जोडलेला होता त्या इंजिनाच्या वरच्या भागाची) उघडी तोंडं धागे न सुटणाऱ्या स्वच्छ कापडाने बंद करा, आणि किती बोळे घातले ते लिहून ठेवा. आत पडलेला एक नट व्हॉल्व्ह आणि पिस्टन दोन्ही खराब करू शकतो.

यापुढचा भाग सर्वात महत्त्वाचा आहे, इथे घाई नको. जुन्या गॅस्केटचे चिकटलेले तुकडे प्लास्टिकच्या स्क्रेपरने काढा. अॅल्युमिनियम मऊ असतं, लोखंडी पात्याचा एक ओरखडासुद्धा नव्या गळतीची वाट होतो. ड्रिलला घासायची चकती तर लावूच नका. तिची बारीक पूड ऑइलमध्ये गेली तर बेअरिंग झिजतात. पुसून झाल्यावर डोळे मिटून नख फिरवा. जिथे अडेल तिथे काहीतरी शिल्लक आहे. मग सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघा. पृष्ठभाग मॅन्युअलमधल्या मर्यादेपेक्षा वाकलेला असेल तर नवं गॅस्केटही टिकणार नाही.

प्लास्टिक मॅनिफोल्डच्या खाचेत बसणारं रबरी गॅस्केट कोरडंच बसवायचं असतं. त्यावर सिलिकॉन लावू नका. मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्यावर सांगितलं असेल तिथेच तो लावायचा. इंजेक्टर काढले असतील तर ओ-रिंग नव्या घाला आणि बसवताना त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावा.

सगळे बोल्ट आधी हाताने आटे धरेपर्यंत फिरवा, मग मधून कडेकडे जात दोन-तीन फेऱ्यांत आवळा. प्लास्टिक मॅनिफोल्डचा टॉर्क बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो, अॅल्युमिनियमचा साधारण २० ते २५. तुमचा आकडा मात्र मॅन्युअलमधलाच घ्या. चाकांच्या नटांसाठीचा मोठा रेंच इतक्या कमी टॉर्कवर भरवशाचा नसतो, छोटा रेंच लागेल. "अजून थोडं घट्ट" केलं की प्लास्टिक तडकतं.

फ्यूज आणि बॅटरी जोडल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ करून पेट्रोलचा दाब भरू द्या आणि टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टरजवळ ओल आहे का पाहा. कूलंट काढलं असेल तर भरून त्यातली हवा काढा. मग कोड पुसा आणि इंजिन चालू करा. पहिली काही मिनिटं आयडल थोडं इकडे-तिकडे होईल, कॉम्प्युटर नव्याने शिकत असतो. इंजिन तापल्यावर आयडलचा ट्रिम उणे-अधिक ५ टक्क्यांच्या आसपास आला की गळती गेली. तो पुन्हा १५ च्या पुढे दिसला, तर गॅस्केटवर संशय घेण्याआधी तुम्ही काढून लावलेल्या नळ्या एकेक करून फोटोंशी ताडून बघा.