अभ्यास कुठं अडतो? वाचकांचे प्रश्न

‘मूल पुस्तक घेऊन बसतं, पण डोक्यात काही शिरत नाही,’ असा सूर या महिन्याच्या बहुतेक पत्रांत आहे. एवढ्यावरून उपाय सांगता येत नाही. अडचण आवाजाची आहे, भाषेची, झोपेची, की मागच्या इयत्तेत राहून गेलेल्या कशाची, हे आधी वेगळं काढावं लागतं. म्हणून उत्तरांत उपायाइतकीच जागा तपासणीला दिली आहे.

प्रश्न : आमची दहा बाय बाराची खोली, माणसं पाच. मुलगी दहावीला आहे. संध्याकाळी सात ते दहा टीव्ही चालतो. सासूबाईंना दुसरा विरंगुळा नाही. मुलगी म्हणते, ‘मला आता सवय झाली आहे.’ अशी सवय खरंच होते का? (एक आई, लालबाग)

आवाजाचा त्रास जाणवेनासा होतो, हे खरं. अभ्यासावरचा परिणाम मात्र चालूच राहतो. न्यूयॉर्कमध्ये उन्नत रेल्वेमार्गाला लागून असलेल्या एका शाळेचा अभ्यास १९७५ साली प्रसिद्ध झाला. रुळांच्या बाजूच्या वर्गांतली मुलं वाचनात शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे होती. सहावीपर्यंत हे अंतर जवळजवळ एका वर्षाचं झालं होतं. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छतं लावली, आणि १९८१च्या पाहणीत फरक उरला नव्हता. शाळा तीच होती, कमी झाला होता तो आवाज. मूल ‘मठ्ठ’ आहे असा शेरा मारण्याआधी हे उदाहरण आठवावं, असं आम्हांला मनापासून वाटतं.

सगळे आवाज सारखे नसतात. पंख्याची घरघर एकसुरी असते, ती फारशी आड येत नाही. मालिकेतले संवाद, बातम्या, फोनवरचं बोलणं हे सर्वांत वाईट, कारण कळणारी भाषा कानावर पडली की मन तिचा अर्थ लावायला जातंच. सनावळी, रासायनिक अभिक्रियेचे टप्पे, कवितेच्या ओळी अशा क्रमानं लक्षात ठेवायच्या गोष्टींना याचा फटका जास्त. टीव्हीचा आवाज बुडवायला कानात गाणी लावणं हा उपाय नव्हे. गाण्यातही शब्दच असतात.

मुलीच्या कामांचे दोन गट करा. नवा धडा समजून घेणं, पाठांतर, निबंध, भूमितीची सिद्धता यांना शांतता लागते. आकृत्या काढणं, वही पूर्ण करणं, येत असलेल्या पद्धतीच्या गणितांचा सराव ही कामं गडबडीतही निभतात. दुसरा गट सात ते दहाच्या वेळेत टाका. पहिल्यासाठी रोज पाऊण-पाऊण तासाचे दोन शांत तुकडे हवेत. सासूबाईंशी मोकळेपणानं बोलून एक मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी पुनःप्रक्षेपणात बघायचं ठरवता येईल. ‘सगळा टीव्ही बंद’ हा नियम सहसा चार दिवस टिकतो आणि घरात तेढ ठेवून जातो.

बसायची जागा एकच ठरवा. तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे, म्हणजे माणसांची ये-जा डोळ्यांसमोर राहत नाही. ट्यूबलाइट पाठीमागे असेल तर स्वतःची सावली वहीवर पडते. उजव्या हातानं लिहिणाऱ्या मुलीला डाव्या बाजूनं उजेड हवा. साधा ९ वॉटचा एलईडी बल्ब होल्डरसह थोडा खाली आणून लावला तरी पुरतो. कानात कापूस घालून फारसा उपयोग होत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे बोळे नीट पिळून, कान वर ओढून घातले तर बराच आवाज अडतो. मोबाइल पालथा करून शेजारी ठेवू नका. तो तुमच्याकडे द्यायला सांगा.

घराबाहेरचा पर्यायही कमीपणाचा नाही. वरळीच्या सुदाम काळू अहिरे मार्गाला लोक ‘अभ्यास गल्ली’ म्हणतात ते उगाच नाही; आसपासच्या चाळींतली मुलं तिथल्या दिव्यांखाली वर्षानुवर्षं अभ्यास करत आली आहेत. जवळ महापालिकेची अभ्यासिका असेल तर आधी दोन गोष्टी पाहा : जाण्यायेण्यात किती वेळ जातो आणि परतीची वाट रात्री सुरक्षित आहे का. येऊन-जाऊन तास मोडत असेल तर ती सुट्टीच्या दिवशीच वापरावी.

प्रश्न : मुलगा धडा चार-चार वेळा वाचतो. विचारलं की ‘येतंय’ म्हणतो. परीक्षेत पान कोरं. (एक वडील, चिपळूण)

तो खोटं बोलत नाही. चौथ्यांदा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्या ओळखीलाच तो ‘येणं’ समजतो. पुस्तक समोर नसताना आठवणं हे वेगळं काम आहे, आणि त्याचा सराव झालेलाच नाही.

रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा दोनदा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून मग न बघता आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चित्र उलटलं : त्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. तुमच्या मुलाचा ‘येतंय’ हा त्या पाच मिनिटांनंतरचा निकाल आहे. परीक्षा मात्र आठवड्यांनी होते.

करायचं ते असं. धड्याचा वीस मिनिटांत होईल एवढाच भाग एकदा लक्ष देऊन वाचायचा. पुस्तक मिटायचं, कोऱ्या पाठकोऱ्या कागदावर निळ्या पेननं दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं. मोडकी वाक्यं, बाण, आकृत्या काहीही चालेल. मग पुस्तक उघडून सुटलेलं आणि चुकलेलं लाल पेननं भरायचं. दोन दिवसांनी लाल भागापासून सुरुवात, पुन्हा न बघता. नंतर आठवड्यानं, नंतर तीन आठवड्यांनी. प्रत्येक फेरी आधीपेक्षा लहान होत जाते.

बिघडतं ते बहुधा दोन ठिकाणी. पहिलं, मुलं आठवेना म्हणून अर्ध्या मिनिटात पुस्तक उघडतात. किमान दोन-तीन मिनिटं अडून राहायला सांगा. त्या धडपडीतच काम होत असतं. दुसरं, पालक त्या कागदाला गुण देतात. एकदा गुण दिले की मूल चोरून बघायला लागतं आणि कागद निरुपयोगी होतो. पहिल्याच फेरीत एक तृतीयांशही आठवलं नाही, तर दोष स्मरणाचा नाही, धडा समजलेला नाही. अशा वेळी शब्दांचे अर्थ, नकाशा, आधीच्या इयत्तेतला संबंधित भाग इथं परत जावं लागतं. अपेक्षित प्रश्नसंचातली उत्तरं पाठ करून ही फट बुजत नाही.

प्रश्न : मुलीला सहावीपासून सेमी इंग्रजीला घातलं. पाचवीपर्यंत गणित चांगलं होतं, आता जेमतेम पास होते. गणिताची शिकवणी लावावी का? (एक पालक, सांगली)

आधी अर्ध्या तासाची तपासणी करा. तिच्या पुस्तकातली दहा शाब्दिक उदाहरणं निवडा. पाच तिला इंग्रजीतून सोडवायला द्या. उरलेली पाच, साधारण तितक्याच कठीण पातळीची, तुम्ही मराठीत तोंडी सांगा. मराठीतली सुटली आणि इंग्रजीतली अडली तर गणित शाबूत आहे, भाषा अडली आहे. दोन्ही अडली तर अपूर्णांक, भागाकार असं काहीतरी मागचं कच्चं आहे. दोन्ही अडली, पण शब्द नसलेली नुसती आकडेमोड जमत असेल, तर अडचण उदाहरणाचं मांडणीत रूपांतर करण्यात आहे. तिन्ही ठिकाणी शिकवणीनं करायचं काम वेगळं आहे, आणि हे न पाहता लावलेली शिकवणी बहुधा शाळेतलाच धडा पुन्हा शिकवते.

भाषा अडली असेल तर एक वही करा. डाव्या रकान्यात इंग्रजी संज्ञा, मधल्यात मराठी, उजव्यात तिनं स्वतः तयार केलेलं उदाहरण : न्यूमरेटर, अंश, ‘३/५ मधले ३’. आठवड्याला आठ-दहा संज्ञा पुरेत. संज्ञांपेक्षा छोटे शब्द जास्त घात करतात. ‘लेस दॅन’, ‘इच’, ‘ॲट लीस्ट’, ‘रिमेनिंग’ हे शब्द कळले नाहीत की बेरजेच्या जागी वजाबाकी होते. उदाहरण वाचल्यावर ‘काय दिलंय, काय काढायचंय’ हे तिनं मराठीत दोन वाक्यांत सांगायचं आणि मगच पेन उचलायचं. मराठीतून विचार केल्यानं इंग्रजी मागे पडत नाही. आधीच्या पाच वर्षांचं गणित तिच्या डोक्यात मराठीतच आहे, त्याचा आधार काढून घेऊ नका.

ती ६३च्या जागी ३६ लिहीत असेल तर तेही तपासा. त्रेसष्टमध्ये तीन आधी ऐकू येतात, ‘सिक्स्टी थ्री’मध्ये साठ. बाजारात एक क्रम, वर्गात दुसरा. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली गेली तेव्हा मोठा वाद झाला, पण त्यामागची अडचण खरी होती. संख्या ऐकून लिहायची दहा मिनिटं, निम्म्या मराठीत आणि निम्म्या इंग्रजीत, असा सराव रोज घ्या. चूक घाईतच होते की नेहमी, तेही त्यातून कळेल.

प्रश्न : एका वर्गात मुलाची चाचणी घेऊन तो ‘दृश्य पद्धतीनं शिकणारा’ आहे असं सांगितलं. त्यानुसार वेगळा अभ्यासक्रम घ्यावा का? (एक आई, ठाणे)

नको. मुलांच्या आवडी वेगळ्या असतात, पण ‘दृश्य’ किंवा ‘श्राव्य’ शिक्का मारून तशी शिकवणी दिली की शिकणं सुधारतं, याला पुरेसा पुरावा नाही. २००८च्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष हाच होता. माध्यम विषयानुसार ठरतं. नकाशा सर्वांना बघावाच लागतो, कवितेची लय सर्वांना ऐकावीच लागते.

त्या पैशांत मुलाचे डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणं, डोळे बारीक करणं, बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की चुकीचं उत्तर देणं, सर्दीनंतर महिनाभर ‘काय?’ विचारत राहणं या खुणा घरी-शाळेत सहज दिसतात, आणि वर्षानुवर्षं ‘लक्ष नसतं’ या नावाखाली जातात.

प्रश्न : आमची शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक दोन. बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. चौथीतल्या काहींना अक्षरं येत नाहीत, काही धडाधड वाचतात पण अर्थ सांगत नाहीत. सुरुवात कुठून करू? (एक शिक्षक, धारणी तालुका)

तुमच्या पत्रात दोन वेगळ्या अडचणी आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

अक्षरं न येणाऱ्यांसाठी दिवसातले दीड-दोन तास इयत्ता बाजूला ठेवा आणि तिसरी ते पाचवीच्या मुलांचे वाचनाच्या पातळीवर गट करा. ‘प्रथम’ संस्थेनं रुजवलेली ही पद्धत आहे. प्रत्येक मुलाला एकेकटं बोलवा, पाच मिनिटं पुरतात. आधी पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद द्या. सलग वाचला तर दुसरीच्या पातळीची गोष्ट द्या. अडला तर पाच शब्द. चार आले तर शब्दगट. तेही नाही तर पाच अक्षरं, आणि चार आली तर अक्षरगट. चाचणी इतर मुलांसमोर घेऊ नका. लाजलेलं मूल येतं तेही वाचत नाही. दर पंधरा दिवसांनी पुन्हा चाचणी घ्या आणि मुलं वर सरकवा. हे राहिलं की गट कायमचा शिक्का होतो आणि पद्धतीतून फायद्याऐवजी नुकसान होतं.

अक्षरगटाला ‘अ’ ते ‘ज्ञ’ ओळीनं शिकवू नका. म, क, र, न, ल, ब अशी पाच-सहा अक्षरं आणि काना घेतला की लगेच अर्थाचे शब्द वाचता येतात. तुम्ही एका गटाजवळ बसता तेव्हा उरलेल्यांना फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावू नका, त्यात हात चालतो आणि डोकं थांबतं. जोडीनं वाचन, शब्दांच्या भेंड्या, अक्षरपट्ट्यांतून शब्द जुळवणं अशी कामं द्या, जिथं चूक जोडीदाराच्याच लक्षात येते.

धडाधड वाचणाऱ्यांना मराठी अक्षरं येतात, मराठी येत नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे. मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे अंदाजानं अर्थ लागत नाही. वाचल्यावर ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’च म्हणतात. चित्र दाखवायला, कृती करून दाखवायला किंवा कोरकूत सांगायला सांगा. तुम्हांला कोरकू कळत नसेल तर अंगणवाडीच्या मदतनीस किंवा सातवी-आठवीतली ताई सोबत बसवा. गोष्ट आधी कोरकूत होऊ दे, मग तीच चित्रांसह मराठीत, मग तिच्यातले आठ-दहा मराठी शब्द बोलून पक्के, आणि शेवटी वाचन. क्रम उलटला की पुन्हा अर्थाशिवायचं वाचन सुरू होतं. तुम्ही स्वतः पन्नास-साठ कोरकू शब्द आणि सूचना देवनागरीत लिहून पाठ करा. मुलांनाच शिकवायला सांगा. जी मुलं वर्गात गप्प असतात, त्यांची बोलण्याची सुरुवात बहुधा इथूनच होते.

पालघर जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर गुरं राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणशाळा काढली, कारण मुलं जिथं होती तिथं शाळा नव्हती. तुमच्याकडे मूल वर्गात हजर आहे, पण त्याची भाषा वर्गाबाहेर राहिली आहे.

प्रश्न : अभ्यास पहाटे उठून चांगला की रात्री जागून? (दहावीचा विद्यार्थी, लातूर)

झोप पूर्ण होत असेल तर दोन्ही चालेल. तुझ्या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि दिवसा शिकलेलं पक्कं होण्याचं बरंचसं काम झोपेतच होतं. साडेदहाला झोपून चारला उठलास तर साडेपाच तासच झोप झाली. पहाटेचा तो अभ्यास दुपारी वर्गात पेंगून वाया जातो. किशोरवयात झोप उशिरा लागणं शरीराच्या घड्याळामुळे होतं, तो आळस नव्हे. उठायच्या वेळेतून साडेआठ तास उलटे मोज, झोपायची वेळ कळेल. पहाटेची शांतता हवी असेल तर आधी रात्रीची वेळ रोज पंधरा मिनिटांनी अलीकडे आण, आणि मगच गजर बदल. बोर्डाचे बहुतेक पेपर सकाळी अकराला सुरू होतात, म्हणून शेवटचे तीन आठवडे सुट्टीच्या दिवशी सराव प्रश्नपत्रिका त्याच वेळेला सोडव.