मूठ नुसतीच फिरते
प्रश्न : काका, न्हाणीघराच्या दाराची गोल मूठ ढिली झालीय. आवळली तरी आठवड्यात पुन्हा तेच. नवी आणू का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, टाकू नका. मुठीच्या मानेवर बारीक स्क्रू असेल, तर तो एलन कीनं (षटकोनी टोकाची वाकडी किल्ली) आवळा. तो आतल्या चौकोनी दांड्याच्या सपाट बाजूवर टेकला पाहिजे. कडेवर टेकला की सुटतोच.

मुठीमागं दारावर बसवलेल्या चकतीचे स्क्रू गरगर फिरत असतील, तर लाकडातलं भोक मोठं झालंय. तुमच्याकडच्या पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, पकड जाते. भोकात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठोका, २४ तास सुकू द्या, मग स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरनं हातानंच पिळा. घरात लेकरू असेल तर आजच करा. मूठ निसटून आत अडकलेली पोरं मी बाहेर काढलीत.