सायकल कुठली ते नंतर, आधी गाडीची आरसी बाहेर काढ

तू विचारलंयस ते काल रात्री दोनदा वाचलं. फोंड्यात राहतोस, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेस, हातात २८ हजार येतात, गाडीचं कर्ज मार्चमध्ये फिटलं, आता गाडी विकून सायकलने कामाला जायचंय, तर पंधरा-वीस हजारात कुठली सायकल घेऊ. सायकलीचं सांगतो, पण शेवटी. मी अडकलो ते तुझ्या मधल्याच एका वाक्यावर, "बँकेचं पत्र आलंय ते कपाटात ठेवलंय". अरे, हेच पत्र (कर्ज फिटलं, आता गाडीवरून आमचं नाव काढायला हरकत नाही असं सांगणारं, एनओसी म्हणतात ते) मी असंच कपाटात ठेवलं होतं आणि त्यापायी माझे ८२ हजार ७०० रुपये गेले. म्हणून एवढं लांबलचक लिहितोय. वयाने लहान आहेस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

मी चोडण बेटावरचा, नोकरी पणजीला. २०१४ मध्ये गाडी घेतली, पाच वर्षांचं कर्ज, २०१९ मध्ये फेडलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी घरी गोडधोड केलं, पुढे आठ-दहा दिवसांनी बँकेचं पत्र आणि दोन फॉर्म आले, ते मी प्लास्टिकच्या फाईलीत घालून घरपट्टीच्या पावत्यांखाली ठेवले. माझी समजूत अशी की कर्ज फिटलं म्हणजे गाडी माझी झाली, बाकी नोंदी वगैरे बँक आणि आरटीओ आपापसात बघतील. कोणी बघत नाही. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी दाखल्यावर, बँकेचं नाव (कर्जाचा बोजा) तसंच राहतं, वर्षानुवर्षं, तू स्वतः जाऊन काढेपर्यंत. आणि त्या पत्राला तीन महिन्यांची मुदत असते. हे पत्रावर लिहिलेलंही होतं, खाली बारीक अक्षरात, मी वाचलं नाही.

२०२२ च्या जूनमध्ये गाडी विकायची ठरवली. त्याआधी वर्षभर मी सायकलनेच जात होतो, गाडी आठवड्याला एकदा बाजाराला निघायची. साखळीचे एक गुरुजी बघायला आले, गाडी आवडली, २ लाख ६० हजारांवर सौदा झाला, ५ हजार विसार दिला. मग त्यांनी आरसी हातात घेतली, चष्मा वर करून नीट वाचली आणि म्हणाले, ह्यावर बँकेचा बोजा आहे की अजून. मी छातीठोक सांगितलं, कर्ज कधीच फिटलंय, पत्र आहे माझ्याकडे. पत्र काढलं तर तीन वर्षं जुनं. ते म्हणाले नवीन आणा, मी थांबतो. चांगला माणूस, चवथीपर्यंत, म्हणजे गणपतीपर्यंत थांबला.

आता बँक. नाव घेणार नाही. मधल्या काळात २०२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, त्यात माझी बँक दुसऱ्या बँकेत गेली, माझी शाखाही दुसऱ्या शाखेत गेली. नव्या शाखेत म्हणाले, खातं जुन्या सिस्टीममधलं आहे, इथे दिसत नाही, रिजनल ऑफिसला जा. रिजनल ऑफिसला गेलो तर म्हणाले, असलं पत्र शाखाच देते. परत शाखेत. साहेब रजेवर. पुढच्या आठवड्यात परत. साहेब आले पण सही करायचा अधिकार दुसऱ्या साहेबांना, ते बदलून गेलेत. सात वेळा अर्धी रजा टाकली मी, खाजगी नोकरीत सात अर्ध्या रजा म्हणजे काय ते तुला वेगळं सांगायला नको. एकदा अर्ज लिहून नेला, काउंटरवरच्या माणसाने तो उघडला, वाचला, होती त्याच घडीवर परत मिटला आणि काचेखालून माझ्याकडे सरकवला. "तोंडी सांगितलंत ना, पुरे." इतकंच. मी तो अर्ज घेऊन बाहेर आलो, रागाने हात कापत होते, पण पोच मागायचं सुचलं नाही.

माझी मोठी चूक कुठली म्हणशील तर पत्र कपाटात ठेवलं ही पहिली, आणि तीन महिने सगळं तोंडी केलं ही दुसरी. दुसरी जास्त महागात पडली.

शेजारचे काका ट्रेझरीतून निवृत्त झालेले, त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, इनवर्डचा (कागद मिळाल्याचा) शिक्का आहे का कशावर? नव्हता. मग त्यांनी सांगितलं तसं केलं. अर्ज दोन प्रतींत, कर्ज खात्याचा नंबर, फिटल्याची तारीख, जुन्या पत्राची झेरॉक्स, शाखेला आणि बँकेच्या तक्रार विभागाला, दोन्हीकडे पोस्टाने पोच पावतीसह. (आता पाठवशील तर स्पीड पोस्टाने पाठव आणि पावती जपून ठेव.) तीस दिवस काही उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार केली, तिला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, फक्त आधी बँकेला लेखी तक्रार करून तीस दिवस थांबलास ह्याचा पुरावा लागतो. अकराव्या दिवशी शाखेतून मलाच फोन, पत्र तयार आहे, कधी येता.

तोवर नोव्हेंबर उजाडला होता. गुरुजींनी कधीच दुसरी गाडी घेतली, त्यांचा विसार मी परत केला. आणि आमची गाडी अख्खा पावसाळा फणसाखाली उभी. गोव्याचा पावसाळा म्हणजे तुला माहीत आहेच, बंद गाडीचं काय होतं ते. दार उघडलं तर सीटवर हिरवी-पांढरी बुरशी, स्टेअरिंगवर पण, बॅटरी मेलेली. शेवटी १ लाख ९० हजाराला गेली. म्हणजे ७० हजार तिथे, मध्ये संपलेला इन्शुरन्स भरला तो ८,५००, बॅटरी ४,२००. बेरीज तूच कर.

तर तुझं कर्ज मार्चला फिटलंय, पत्रावरची तारीख आत्ताच्या आत्ता बघ. मार्चचं असेल तर जूनपर्यंतच चालेल, आणि जूनमध्ये पाऊस सुरू झाला की तूही म्हणशील जाऊ दे, चवथीनंतर बघू. असं करू नको. पत्रासोबत फॉर्म ३५ च्या, म्हणजे बोजा काढायच्या फॉर्मच्या, दोन प्रती असायला हव्यात, दोन्हींवर बँकेची सही आणि शिक्का. नसेल तर आधी तो आण. मग आरसी, चालू इन्शुरन्स, पीयूसी घेऊन फोंड्याच्याच आरटीओत जा, परिवहनच्या पोर्टलवर आधी अर्ज भरून गेलास तर बरं. काम झाल्यावर डिजिलॉकरमध्ये आरसी उघडून फायनान्सरच्या रकान्यात बँकेचं नाव गेलंय का हे स्वतः बघ. इन्शुरन्सच्या पॉलिसीवर पण बँकेचं नाव असतं, ते वेगळं काढावं लागतं, हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

आणि बँकेने टाळाटाळ केली तर तुझ्या हातात आता एक गोष्ट आहे जी माझ्याकडे नव्हती. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२३ मध्ये नियम काढला, १ डिसेंबर २०२३ पासून लागू, की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि नोंदवलेला बोजा काढायचा, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मी बँकवाला नाही की वकील नाही, तुझ्या प्रकरणाला तो कसा लागतो हे परिपत्रक वाचून ठरव, पण अर्जात त्याचा उल्लेख जरूर कर. बोलण्यात फरक पडतो.

गाडी विकताना अजून एक. पैसे मिळाले, चावी दिली, संपलं असं समजू नको. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी घेणाऱ्याच्या नावावर होईपर्यंत कायद्याने मालक तूच. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलंय, नोंदणी ज्याच्या नावावर तो मालक, मग गाडी कितीही हातांतून पुढे गेलेली असू दे. उद्या घेणाऱ्याने कोणाला ठोकलं तर नोटीस तुझ्या घरी. डीलर म्हणतील आम्ही करून घेतो, तू आरसीवर नवीन नाव दिसेपर्यंत पाठ सोडू नको. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल इन्शुरन्सच्या हप्त्यात मिळणारी सूट) असेल तर इन्शुरन्सवाल्यांकडून त्याचा दाखला घेऊन ठेव, तो गाडीचा नसतो, तुझा असतो, तीन वर्षांत परत गाडी घेतलीस तर चालतो.

आता घरचे म्हणतात गाडी कशाला विकतोस, लग्नाचं वय झालंय, मुलीकडचे काय म्हणतील. हे माझ्याही घरी झालं, आई महिनाभर नीट बोलत नव्हती. मी तुला शिकवणार नाही, फक्त माझं मत सांगतो. आपल्याकडे पहिली नोकरी लागली की सहा महिन्यांत गाडी घेतात, का तर शेजारच्याने घेतली. सहा लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १२,४५० आणि व्याज दीड लाखाच्या जवळ. तोच हप्ता कमी दिसावा म्हणून सात वर्षं केली तर ९,६५० होतो, पोरं खूश, पण व्याज २ लाख १० हजारांच्या वर जातं. २८ हजार पगारात हे बसत नाही. बसवतात, मी पण बसवलं, पण त्या पाच वर्षांत मी नोकरी बदलू शकलो नाही. दोनदा चांगली संधी आली होती, सुरुवातीला पगार थोडा कमी होता म्हणून सोडली. हप्ता डोक्यावर असला की साहेब काय वाट्टेल ते बोलला तरी माणूस ऐकून घेतो. मला गाडीचा राग नाही. म्हातारे आईवडील घरी असतील, बांबोळीच्या सरकारी इस्पितळात वरचेवर न्यावं लागत असेल तर गाडी ठेव, सायकलीच्या हौसेपायी त्यांचे हाल करू नको. तुझ्या घरी कोण आहे ते तू लिहिलेलं नाहीस.

तुझं येणं-जाणं धरून वीसेक किलोमीटर, पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे किलोमीटर. पंधराचं अॅव्हरेज धरलं तर महिन्याला सव्वातीन हजाराचं पेट्रोल फक्त कामाला जायला. सायकलीचे पैसे सहा महिन्यांत वसूल.

बरं, सायकल. माझा रस्ता सपाट. घरापासून धक्का, फेरीबोट, रायबंदर, मग तो जुना पोर्तुगीजांच्या वेळचा बांध धरून पणजीच्या पाटोपर्यंत. तुझं तसं नाही, तुला जाताना फोंड्याहून फर्मागुढीचा चढ आणि येताना म्हार्दोळकडून परत फर्मागुढी, त्यामुळे बिनगियरची घेऊ नको, कितीही स्वस्त मिळाली तरी. पुढे दोन-तीन आणि मागे सात गियर पुरेत. जाड टायरची, पुढे-मागे शॉकअब असलेली सायकल दुकानदार गळ्यात मारतो, ती चढावर जीव काढते. मडगार्ड पूर्ण लांबीचे लावून घे, आणि मागे लाल लुकलुकणारा दिवा दिवसासुद्धा चालू ठेव, पावसात ट्रकवाल्याला तोच दिसतो. पावसाळ्यात चेन दर तीन-चार दिवसांनी पुसून तेल, नाहीतर गंज चढायला आठवडा पण लागत नाही.

दुरुस्तीसाठी चकचकीत दुकान शोधू नको. तुमच्या वाड्यावर पाव घेऊन येणारा पोदेर असेल, त्याला विचार तू सायकल कुठे दाखवतोस. तो रोज सकाळ-संध्याकाळ पावाचा हडपा (मोठी टोपली) लादून, पावसापाण्यात, सगळे चढ-उतार करून येतो, त्याची सायकल बंद पडली तर त्याचा धंदा बंद. त्याचा मिस्त्री तोच खरा मिस्त्री. माझं मागचं चाक पोदेराच्या मिस्त्रीने बांधून दिलंय, एकेक तार बोटाने वाजवून बघत होता, चार वर्षं झाली, अजून सरळ आहे.

सेकंड शिफ्ट असेल तर त्या आठवड्यात सायकल नको. रात्री त्या हायवेवर ट्रक, कुत्री, बंद पडलेले दिवे, हिंमत दाखवायची ती जागा नाही. तेव्हा बस किंवा कोणाच्या मागे बसून ये. आणि चढाचीच भीती वाटत असेल तर बॅटरीच्या सायकली मिळतात, २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या वर न जाणारी असेल तर नोंदणी-लायसन्स लागत नाही. महाग आहेत, शिवाय चार्जिंगला कंपनीत पॉइंट देतील का ते आधी विचार.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. गाडी विकलीस की तिच्या इन्शुरन्सबरोबर मालक-चालकाचा अपघात विमा पण जातो, आणि नेमका तेव्हाच तू उघड्यावर सायकलीवर असतोस. बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू आहे का बघ, वर्षाला २० रुपये, दोन लाखांचं संरक्षण. पुरेसं नाही, पण सुरुवात तरी. जमलं तर वेगळा अपघात विमा घे.

आज संध्याकाळी घरी गेलास की ते पत्र काढ, वरची तारीख आणि फॉर्म ३५ च्या किती प्रती आहेत ते मोजून इथेच लिही. मुदत उरली असेल तर सोमवारीच आरटीओ. संपली असेल तर शाखेला द्यायच्या अर्जाचा मसुदा माझ्याकडे आहे, शिक्क्याची जागा सोडलेला, तो इथे टाकतो. सायकल घ्यायला मी स्वतः फोंड्याला येईन तुझ्याबरोबर, एखाद्या रविवारी सांग.