कोड चालला म्हणजे उत्तर बरोबर आलं?

प्रश्न : माझा मुलगा बीएस्सी संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ७१ टक्के मिळाले. कॉलेजात आर शिकवतात, पण ती भाषा आता संपली असं सगळे म्हणतात. मी स्वतः सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणून त्याला पायथन, मशिन लर्निंग आणि डॅशबोर्डचे तीन ऑनलाइन कोर्स लावून दिले. त्याचं लॉगिन माझ्याकडे आहे. प्रगती ४० टक्क्यांवर अडकली आहे. तो मात्र कॉलेजच्या एका सर्व्हेची फाइल उघडून रात्र रात्र रिकाम्या चौकटी मोजत बसतो. कोड तर आता एआयसुद्धा लिहून देतं. त्याला इथून काढून डेटा सायन्सच्या पदवीला घालू का? हे पत्र लिहिल्याचं त्याला माहीत नाही. – एक आई

उत्तर : नका घालू.

तुमचं पत्र वाचताना मला ७१ टक्क्यांची काळजी वाटली नाही, आरची तर अजिबातच नाही. ‘त्याचं लॉगिन माझ्याकडे आहे’ या वाक्याशी मात्र मी थांबले. कॉलेजात जाणाऱ्या मुलाने किती व्हिडिओ पाहिले हे त्याची आई तपासते, आणि त्याच्या करिअरचं पत्र त्याला न सांगता माझ्याकडे येतं! हे तुम्ही काळजीपोटी करता, ते कळतं. तुमच्या क्षेत्रातली उलथापालथ तुम्ही जवळून पाहिली असेल. पण ती भीती तुमची आहे, ती त्याच्या वेळापत्रकात घालू नका. त्याला काय आवडतं याबद्दल पत्रात एक ओळही नाही. फक्त तक्रारीच्या ओघात तुम्ही ते सांगून गेलात : तो रिकाम्या चौकटी मोजतो.

तो वेळ वाया जात नाही. सर्व्हेत उत्तर कोणी दिलं नाही आणि का दिलं नाही, हा विश्लेषणातला सगळ्यात अवघड प्रश्न. समजा, उत्पन्नाचा रकाना जास्त कमावणाऱ्यांनीच कोरा सोडला असेल, तर उरलेल्यांची सरासरी कितीही नेटकी काढा, ती दिशाभूलच करणार. रकान्यात एखादी जागा रिकामी असली, तर आर सरासरीच्या जागी ‘एनए’, म्हणजे ‘उपलब्ध नाही’, असं उत्तर देते; या रिकाम्या जागेचं काय करायचं ते आधी तू ठरव, असंच जणू बजावते. पायथनमधलं पांडाज हे तयार साधन ती जागा मुकाट्याने वगळून आकडा हातात ठेवतं. दोन्हींत गैर काही नाही. पण कोण गाळलं गेलं हे विचारायची सवय नसेल, तर पांडाजवाल्याला ते कळणारही नाही. तुमच्या मुलाला ही सवय आपसूक लागलेली दिसते आणि तुम्ही त्याला तिथून उठवून व्हिडिओसमोर बसवताय.

तुम्ही टेस्टर आहात, म्हणून एका गैरसमजाबद्दल जरा सविस्तर लिहिते. तुमच्या कामात अपेक्षित उत्तर आधी लिहिलेलं असतं. प्रोग्रॅमने वेगळं काही दिलं की बग नोंदवायचा. इथे अपेक्षित उत्तर कोणाकडेच नसतं, तेच तर शोधायचं असतं. त्यामुळे कोड एरर न देता चालला, यावरून उत्तराबद्दल काहीच सिद्ध होत नाही. २, ४, ६ या आकड्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे ते सरासरीपासून किती पसरलेत याचं माप, पायथनमधल्याच नमपाय या दुसऱ्या साधनाला विचारा, १.६३ येईल. पांडाजला विचारा, २ येईल. भाषा एकच, आकडे तेच, आणि चूक कोणाचीच नाही : काही वेगळं सांगितलं नाही तर नमपाय आकड्यांच्या संख्येने, म्हणजे ३ ने भागतं, हीच पूर्ण समष्टी, यापलीकडे कोणी नाही असं धरतं; पांडाज त्यातून एक वजा करून २ ने भागतं, म्हणजे हा मोठ्या गटातला नमुना आहे असं धरतं. आपल्याला यातलं कुठलं हवं, हे संगणक सांगत नाही. एसक्यूएल या डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेत दोन टेबलं जोडताना एका ग्राहकाच्या तीन ओळी झाल्या, तर त्याची बाकी बेरजेत तीनदा येते, पडद्यावर लाल अक्षर उमटत नाही. रेनहार्ट आणि रोगॉफ या नामांकित अर्थतज्ज्ञांच्या सरकारी कर्जावरच्या २०१० च्या निबंधात एक्सेलच्या सूत्रातून पाच देश सुटले होते. ते २०१३ मध्ये उघड केलं थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने. अभ्यासाचा भाग म्हणून तो निबंधातले आकडे पुन्हा काढत होता, ते जुळेनात, म्हणून त्याने लेखकांकडून मूळ फाइल मागवली. त्यात वगळलेली काही वर्षं आणि सरासरीची वादग्रस्त पद्धतही सापडली. हे सगळं दुरुस्त केल्यावर जास्त कर्ज असलेल्या देशांची सरासरी आर्थिक वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. हर्नडननेही चौकटीच मोजल्या होत्या.

एआय कोड लिहितं, हे खरं, आणि बऱ्याचदा चांगला लिहितं. मग तो कोड कुठल्या गृहीतकावर उभा आहे हे ओळखणाऱ्याची गरज वाढली की कमी झाली? आणि तुम्ही सोडायला सांगताय ते संख्याशास्त्रच!

आर संपलेली नाही. १९९० च्या दशकात ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी ती घडवली. जीवशास्त्र आणि वैद्यकीय संशोधनात ती आजही रोजच्या वापरात आहे. पांडाजमधल्या डेटाफ्रेमची, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याची, कल्पनाही तिच्याकडूनच आलेली. नोकरीसाठी पायथन लागेल, ते तो शिकेल. आर नीट येत असेल तर फार जड जात नाही. एसक्यूएल मात्र आत्ताच सुरू करावं. तुमच्या यादीत तेच नाही, याचं मला नवल वाटलं.

पुढे एमएस्सीसाठी जॅम या आयआयटीच्या प्रवेश परीक्षेतला गणितीय संख्याशास्त्राचा पेपर आणि आयएसआयची (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची) प्रवेश परीक्षा आहेच, त्याची माहिती त्याचे शिक्षक देतील. डेटा सायन्सच्या पदव्यांपैकी काही खरंच चांगल्या आहेत, पण पाटी न वाचता अभ्यासक्रम वाचा. संभाव्यता, अनुमान आणि रिग्रेशन एका सत्रात उरकून उरलेला वेळ सॉफ्टवेअरच्या नावांवर घालवला असेल, तर तो आत्ता आहे तिथेच बरा आहे.

त्याने तो सर्व्हे शेवटपर्यंत न्यावा. मूळ फाइलला हात लावायचा नाही, प्रत्येक बदल स्क्रिप्टमध्ये, स्क्रिप्ट गिटवर, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे चौकटी-चौकटींत कोड लिहायच्या वहीत, काम करत असेल तर शेवटी कर्नल (कोड चालवणारा भाग) रीस्टार्ट करून सगळं वरून खाली पुन्हा चालवावं. तिथे कोडच्या चौकटी मागेपुढे चालवता येतात, आणि पुसून टाकलेल्या ओळीने केलेला बदल तोवर मेमरीत तसाच असतो. मग दोन पानांचं टिपण : किती उत्तरं नाहीत, कोणाची नाहीत, आणि त्यामुळे या सर्व्हेवरून काय म्हणता येत नाही. मुलाखतीत प्रमाणपत्रावर दोन मिनिटंही बोलता येत नाही, अशा टिपणावर अर्धा तास बोलता येतं. ते तपासायला मागू नका. त्याने आपणहून दाखवलं, तर तुमचं टेस्टिंगचं सगळं कसब तिथे लावा.

लॉगिनचा पासवर्ड आजच त्याला बदलू द्या आणि तुमचं पत्र, हे उत्तर, दोन्ही त्याला वाचायला द्या. तिन्हींपैकी कुठला कोर्स ठेवायचा ते तो ठरवेल. बाकीच्यांचे पैसे परत मिळायची मुदत उलटली नसेल, तर ते मागून घ्या.