किचनची फक्त शटर बदलावीत की सगळे फर्निचर नवे करावे?

आपल्या प्रश्नातून समजते ते असे: किचन १४ वर्षे जुने आहे, गॅसजवळच्या शटरवरचा (कपाटाच्या दारावरचा) मेंब्रेनचा, म्हणजे चिकटवलेल्या पातळ प्लास्टिकचा, थर सुटू लागला आहे, सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगला आहे, आणि एक जण सगळे काढून नवे करायला सांगत असताना दुसरा मात्र फक्त शटर बदलून द्यायला तयार आहे. मी पुण्यात घरांच्या अंतर्गत सजावटीचे काम करते. माझ्या मते शटरची अवस्था पाहून हा निर्णय घेऊच नये. शटर कितीही खराब झाले तरी ते चार स्क्रू काढून बदलता येते. प्रश्न असतो तो ज्या बॉक्सवर ते शटर बसते त्या बॉक्समध्ये, म्हणजे कारकासमध्ये, अजून स्क्रू धरून ठेवण्याची ताकद आहे की नाही, हा.

ही तपासणी आपली आपल्याला करता येते. सिंकखालचे सामान बाहेर काढा, खालची स्कर्टिंगची पट्टी ओढून काढा (ती बहुतेक वेळा पायांना क्लिपने अडकवलेली असते) आणि टॉर्च घेऊन बॉक्सच्या तळाच्या कडा व मागची भिंतीकडची बाजू पाहा. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक तळाशी, कोपऱ्यात आणि बिजागरीच्या प्लेटजवळ दाबून पाहा. टोक आत रुतले, भुसा निघाला किंवा आतून पोकळ आवाज आला, तर तो बॉक्स संपला असे समजावे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वाळवी आहे, आणि मग शेजारचे सगळे बॉक्स, भिंतीलगतच्या दरवाजाच्या चौकटीसुद्धा, तपासल्याशिवाय एकही नवे शटर मागवू नये.

बॉक्स कशाचा आहे यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. त्या काळी बिल्डरने दिलेल्या किंवा तयार घेतलेल्या अनेक किचनमध्ये प्री-लॅमिनेटेड पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेला, वर तयार थर असलेला बोर्ड) वापरलेला असे. कोरडा असेपर्यंत तो नीट टिकतो. पण एकदा पाणी प्यायला की चहात बुडवलेल्या टोस्टसारखा फुगतो आणि वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. त्यात लाकडी खुंटी आणि फेव्हिकॉल भरून स्क्रू पुन्हा बसवून देतो असे कोणी म्हणाले तर मान्य करू नका, कारण आजूबाजूचा बोर्डच सुटलेला असतो. प्लायवूडचे तसे नाही. प्लायच्या बॉक्समध्ये बिजागरीची भोके सैल झाली असली तरी प्लेट इंचभर वर किंवा खाली सरकवून घेता येते, कारण नव्या शटरवर बिजागरीच्या वाटीचे ३५ मिलिमीटरचे भोक आपल्याला हवे तिथे पाडता येते. शटर बदलण्याचा हा एक मोठा फायदा आहे आणि तो फारसा कोणी सांगत नाही.

आपला ओटा जुन्या पद्धतीचा, कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर टेकलेला असेल, तर ओट्याखाली लाकडी बॉक्सच नसतो. ट्रॉल्यांचे चॅनेल आणि शटरची चौकट दगडाला धरून बसवलेली असते. अशा किचनमध्ये ओट्याखालचे सगळे तोडून मॉड्युलर करण्याचा आग्रह धरणाऱ्यांशी मी सहमत नाही. कडप्प्याला ना वाळवी लागते, ना तो ओलीने फुगतो. नवी चौकट, नवी शटर आणि गंजलेल्या ट्रॉल्यांच्या जागी ३०४ ग्रेडच्या स्टीलच्या ट्रॉल्या एवढे केले तरी ते किचन पुढची कित्येक वर्षे उत्तम चालते. (३०४ आणि स्वस्तातले २०२ यांतला फरक चुंबक लावून कळत नाही, त्यामुळे ग्रेड बिलावर लिहून घेणे हाच मार्ग.)

आपल्या वर्णनावरून मला सर्वांत शक्य वाटते ती स्थिती मधली आहे: सिंकखालचा बॉक्स गेलेला, बाकीचे शाबूत. तसे निघाले तर तेवढा एक बॉक्स नवा करून घ्यावा आणि इतर ठिकाणी फक्त शटर, बिजागऱ्या आणि चॅनेल बदलावेत. नवा बॉक्स आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या मरीन प्लायचा असू द्या. त्या मानकात प्लायचा डिंक ७२ तास उकळत्या पाण्यात टिकतो का, हे तपासले जाते. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ या शब्दाला काही अर्थ नाही. सिंकखालचा बॉक्स बदलताना ग्रॅनाइट न हलवता काम होते का, हे मात्र कारागिराला आधीच विचारा. वरच्या दगडाला तात्पुरता आधार देऊन ते सहसा जमते, पण घाई करणाऱ्याच्या हातून दगडाला सिंकच्या कटआउटपाशी तडा जाऊ शकतो.

सगळे नवे करावे असे मी दोनच परिस्थितींत सांगते. एक, बहुतेक बॉक्स ओलीने किंवा वाळवीने गेलेले असणे. दुसरी, मांडणीच गैरसोयीची असणे, कारण शटर बदलून मांडणी बदलत नाही. डिशवॉशरचे उदाहरण घ्या: पूर्ण आकाराचे यंत्र साधारण ६० सेंटिमीटर रुंद आणि ८४–८५ सेंटिमीटर उंच असते, आणि आपल्याकडच्या जुन्या ओट्याखाली एवढी उंची बहुतेक वेळा मिळत नाही. येत्या काही वर्षांत ते घ्यायचे ठरले असेल, किंवा ओट्याच्या उंचीमुळे रोज पाठ दुखत असेल, तर आज शटरवर केलेला खर्च लवकरच वाया जाईल.

जुन्याच शटरवर नवा सनमाईका (लॅमिनेट) चिकटवून देण्याचा स्वस्त पर्यायही तुम्हाला सुचवला जाईल. मेंब्रेनच्या शटरवर तो मुळीच करू नये, कारण सुटत चाललेल्या थरावर चिकटवलेले त्या थरासकटच सुटते. आणि प्लायच्या शटरवरसुद्धा फक्त एकाच बाजूने लावला तर शटर वाकण्याची शक्यता राहते. नवी शटर घेताना गॅस आणि ओव्हनच्या शेजारी पुन्हा मेंब्रेन घेऊ नका, कारण उष्णतेने त्याचा डिंक मऊ पडतो. तिथे प्लायवर लॅमिनेट हेच टिकाऊ. जुन्या बिजागऱ्या शून्य, आठ की सोळा क्रँकच्या आहेत (क्रँक म्हणजे बिजागरीच्या दांड्याचा बाक) हे पाहूनच नव्या मागवाव्यात, नाहीतर शेजारची दोन शटर एकमेकांना घासतात.

आणि काहीही ठरवण्याआधी प्लंबरला बोलावून सिंकचा वेस्ट पाइप आणि भिंतीतला जोड तपासून घ्या. बॉक्सचा तळ नेमका कोणत्या पाण्याने फुगला, हे कळेपर्यंत कोणत्याही कारागिराला आगाऊ रक्कम देऊ नका.