फ्रेंच सरदार घराण्यांची जुनी पत्रे आज आपण वाचतो, ती मूळ स्वरूपातलीच असतात का?

फ्रेंच सरदार घराण्यांच्या पत्रव्यवहाराची जी पुस्तके मिळतात, त्यांतील पत्रे लिहिणाऱ्याने लिहिली तशीच असतात का आणि त्यांवर कितपत विसंबावे, असे आपण विचारले आहे. पुष्कळदा ती तशी नसतात. आणि याचा दोष वाळवीपेक्षा घरच्या माणसांकडेच अधिक जातो, असे माझे मत आहे. मादाम द सेव्हिन्ये यांच्या पत्रांवरून हे चांगले कळते.

१६२६ साली पॅरिसमध्ये जन्मलेल्या या मार्कीझबाई पती द्वंद्वयुद्धात मारला गेल्यामुळे ऐन पंचविशीत विधवा झाल्या. त्यांची मुलगी ग्रिन्याँच्या काउंटला दिली होती, आणि फेब्रुवारी १६७१ मध्ये ती नवऱ्याकडे दक्षिणेला प्रोव्हाँसात निघून गेल्यावर आईने टपाल सुटण्याचा वार धरून तिला पत्रे लिहायला सुरुवात केली. मायलेकी एकत्र राहिल्या तेवढा काळ सोडला, तर १६९६ मध्ये बाईंच्या मृत्यूपर्यंत हा क्रम चालू होता. आज त्यांची सुमारे अकराशे पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक मुलीलाच लिहिलेली आहेत. मुलीची उत्तरे मात्र नाहीत, कारण बाईंची नात पोलिन द सिमियान हिने ती नष्ट करवली. आजीची पत्रे छापायला तिने दिली खरी, पण १७३४ पासून ती प्रसिद्ध करणारे संपादक पेराँ यांनी घरातील पैशांची कुरबुर, प्रोव्हाँसच्या लोकांवरचे टोमणे आणि शरीराविषयीचे मोकळे उल्लेख गाळून भाषाही आपल्या काळाच्या अभिरुचीप्रमाणे घासूनपुसून घेतली. पुढे अस्सल पत्रेही बहुतांशी नाहीशी झाली.

१८७० च्या दशकात दिजाँ येथील कायद्याचे प्राध्यापक काप्मास यांना जुन्या वस्तूंच्या दुकानात या पत्रांची एक हस्तलिखित नक्कल सापडली. ती पेराँच्या आवृत्तीआधीची, अठराव्या शतकाच्या आरंभीची असल्यामुळे गाळलेला कितीतरी मजकूर परत मिळाला. म्हणजे आज जो पाठ आपण विश्वसनीय मानतो, त्याचा मोठा भागही नकलेवरच उभा आहे.

अस्सल कागद हाती आला, तरी सगळे प्रश्न सुटत नाहीत. त्या काळी चिंध्यांपासून केलेल्या कागदावर पिसाच्या लेखणीने लिहीत. मायफळ आणि हिराकस यांची शाई कालांतराने तपकिरी होते. वेगळे पाकीट बहुधा नसे. कागदाचीच घडी घालून बाहेर पत्ता लिहीत आणि लाखेची मोहोर लावीत. ती फोडताना कागदाचा तुकडा निघून एखाददुसरा शब्द गेलेला पुष्कळदा दिसतो.

खाडाखोड हा आणखी एक प्रकार आहे. राणी मारी आंत्वानेत आणि स्वीडिश सरदार फर्सन यांच्या १७९१-९२ मधील पत्रांत अनेक ओळी शाईने गिरवून झाकलेल्या होत्या. वरच्या आणि खालच्या शाईतील तांबे-लोह यांचे प्रमाण क्ष-किरणांनी तपासून संशोधकांनी १५ पैकी ८ पत्रांतील झाकलेला मजकूर वाचला. हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ती खाडाखोड खुद्द फर्सननेच केली होती, आणि राणीची म्हणून जपलेली काही पत्रे ही त्याने स्वतः केलेल्या नकला होत्या, असेही त्यात निष्पन्न झाले.

आता विसंबण्याचा प्रश्न. सेव्हिन्येबाईंचे २६ एप्रिल १६७१ चे पत्र फार गाजलेले आहे. शाँतिई येथे राजा चौदावा लुई पाहुणा असताना मासळी वेळेवर आली नाही, म्हणून कारभारी व्हातेल याने दाराला तलवार टेकवून तिसऱ्या घावाला प्राण दिला आणि त्यानंतर चहूकडून मासळी येऊ लागली, अशी ती हकीकत आहे. वाचणाऱ्याला बाई तिथेच उभ्या होत्या असे वाटते. प्रत्यक्षात त्या पॅरिसमध्ये होत्या, आणि हे सारे आपल्याला मोरई नावाच्या गृहस्थाने आत्ताच सांगितले, असे त्या पत्रातच नमूद करतात. माझ्या मते हे पत्र घटनेचा पुरावा म्हणून दुय्यम आहे. दोन दिवसांत दरबारी वर्तुळात त्या मृत्यूची कथा कशी सांगितली जाऊ लागली होती, याचा पुरावा म्हणून मात्र ते अव्वल आहे.

आपल्याला फ्रेंच येत असेल, तर रोजे द्युशेन यांनी १९७२ ते १९७८ या काळात तीन खंडांत संपादित केलेली आवृत्तीच घ्यावी. जुन्या निवडक आवृत्त्या स्वस्तात मिळतात, पण त्यांपैकी अनेकांत पेराँचाच पाठ असतो.